अद्भुताला इथं भाव नाही

महाकाय अद्भुतकादंबरी लिहायला लातूर-नांदेडसारखी जागा नाही. औसा, उदगीर, कंधार, माहूर असे किल्ले आयतेच उभे आहेत. अडचण येते ती वाचकाची. तुम्ही राजकन्येसाठी उडता रथ लिहावा, तर तो म्हणतो, "त्यात काय? २०१६च्या एप्रिलात दुष्काळात आमच्या लातूरला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर!" वर रेल्वेनं तिचं नाव 'जलदूत' ठेवलं. आता लेखकानं अजून काय रचायचं?

'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) यांच्या काळात मराठी कादंबरी अद्भुतातच रमली होती. पुढं समीक्षकांनी तिला वास्तवाचं सोवळं नेसवलं. उरलेलं काम लातूर पॅटर्ननं, म्हणजे इथल्या मार्क मिळवून देणाऱ्या अभ्यासपद्धतीनं केलं. तीन खंडांची गाथा दाखवली की पालक विचारतात, "हे नीटला किती मार्कांना?"

मोबदला ठरलेला आहे : शाल, श्रीफळ आणि अध्यक्षांचं न वाचता केलेलं कौतुक. तरीही लिहाच. राक्षस घाला, शाप घाला, बोलणारे घोडे घाला. फक्त नळाला रोज पाणी येणारं नगर घालू नका. एवढी कल्पनाशक्ती इथं कुणालाच झेपायची नाही.