निकाल कसा ऐकावा : विंचूरच्या नवशिक्यांसाठी

मत द्यायला वयाची १८ वर्षं पुरतात. निकाल ऐकायला पुरत नाहीत. २३ नोव्हेंबर २०२४ ला, शनिवारी सकाळी, आमच्या बाकावर एक नवा पोरगा येऊन बसला आणि आठ वाजून दहा मिनिटांनी त्यानं सरकार बनवून टाकलं. तेव्हा कुठं टपाली मतांची पाकिटं फुटत होती, मशीनला कोणी हातसुद्धा लावला नव्हता. त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्यांसाठी हे लिहितोय.

साहित्य असं : शंभर पानी वही, उमटणारं बॉलपेन, चार्जर, आणि चहाच्या टपरीतला असा बाक, जिथून टीव्ही दिसतो पण ऐकू येत नाही. ऐकू आला की माणूस आकडे सोडून निवेदकाचा गळा ऐकत बसतो आणि फेरी हुकते.

आधी भूगोल पक्का करा. विंचूरकराला हा विषय इतरांपेक्षा अवघड आहे. आपला तालुका निफाड, म्हणजे दाखला काढायला निफाडला जायचं. आमदार मात्र येवल्याचा, कारण लासलगाव-विंचूरकडची निफाड तालुक्यातली गावं येवला मतदारसंघात टाकलेली आहेत. खासदार दिंडोरीचा. आणि कांद्याला भाव काय निघाला ते लासलगाव ठरवणार. तेव्हा कोणी ‘निफाडचा निकाल लागला’ म्हणून ओरडलं तर लगेच उठायचं नाही. निफाडमधून दिलीप बनकर निवडून आल्याची बातमी आली तेव्हा आमच्या एका पाहुण्यानं कपाळभर गुलाल लावून घेतला. सबंध संध्याकाळ नाचला. रात्री जेवताना त्याच्या ध्यानात आलं, की या माणसाला आपण मत दिलेलंच नाही. देता येतच नव्हतं.

आता फेरी म्हणजे काय ते समजून घ्या. मोजणीला साधारण १४ टेबलं असतात. केंद्र क्रमांक एकची पेटी पहिल्या टेबलावर, दोनची दुसऱ्या, असं चालतं. म्हणजे एका फेरीत सलग चौदा केंद्रं उघडतात, अख्खा एक पट्टाच उघडतो. ३२० केंद्रं असली तर २३ फेऱ्या. पाचव्या फेरीला एखादा आठ हजारांनी पुढं गेला म्हणून फटाके लावू नका. त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांचाच पट्टा आधी फुटलेला असू शकतो. जाणता माणूस आकडा विचारत नाही. तो विचारतो, ‘आपल्याकडचा पट्टा उघडला का?’ नसेल तर तो दुसरा चहा सांगतो.

यापुढचा शब्द लीड. कागदोपत्री याला मताधिक्य म्हणतात, पण तसं बोललात तर बाकावरचे लोक तुम्हाला तलाठी समजतील. आपल्याच मतदारसंघाचं उदाहरण घ्या आणि वहीत उतरवून ठेवा, हे परीक्षेला येतं. छगन भुजबळ येवल्यातून २००४ पासून लागोपाठ पाच वेळा निवडून आले. २००९ ला त्यांना १,०६,४१६ मतं, २०१४ ला १,१२,७८७, २०१९ ला १,२६,२३७ आणि २०२४ ला १,३५,०२३. दर वेळी वाढच. नवशिका इथंच वही मिटतो. जुना माणूस शेजारच्या रकान्यात लीड लिहितो : ५०,१८०, मग ४६,४४२, मग ५६,५२५, आणि शेवटी २६,४००. सगळ्यांत जास्त मतं ज्या वर्षी, त्याच वर्षी या चारांतलं सगळ्यांत कमी लीड. समोरचे माणिकराव शिंदे २००९ ला शिवसेनेकडून ५६,२३६ वर थांबले होते, तेच २०२४ ला शरद पवारांच्या पक्षाकडून १,०८,६२३ वर गेले. आता जिंकलेला म्हणतो ‘माझी मतं वाढली’, हरलेला म्हणतो ‘मी लीड निम्म्यावर आणलं’, आणि दोघंही खरं बोलत असतात. निवडणुकीत असा योग फार थोडा वेळ टिकतो, म्हणून ऐकून घ्यावं.

लीड किती म्हणजे पुरे, याला काही नियम नाही. त्याच दिवशी शिरपूरला काशिराम पावरांचं लीड १,४५,९४४ होतं. आपल्याच जिल्ह्यात मालेगाव मध्यला मुफ्ती इस्माईल १६२ मतांनी आले, राज्यात सगळ्यांत कमी. १६२ म्हणजे एका बऱ्या लग्नातली पहिली पंगतसुद्धा नाही.

चिन्हाचा धडा वगळून चालणार नाही. तो आपल्याच दिंडोरीनं देशाला शिकवला. २०२४ च्या लोकसभेला शरद पवारांच्या पक्षाचे भास्कर भगरे उभे होते, चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’. यादीत आणखी एक भगरे, बाबू भगरे, अपक्ष, चिन्ह नुसती ‘तुतारी’. त्यांना १,०३,६३२ मतं पडली. भास्कर भगरे तरी निवडून आले, तेही तेव्हाच्या केंद्रीय राज्यमंत्री भारती पवारांना १,१३,१९९ मतांनी हरवून. निर्यातबंदीनं कांद्याचा वांदा झालेला होता, त्या रागाचं लीड एवढं होतं की लाखभर मतं वाट चुकून शेजारच्या तुतारीत गेली तरी भागलं. तेव्हापासून आमच्या घरी म्हातारीला मशीनसमोर पाठवताना चिन्ह सांगत नाहीत, ‘माणूस बघ आणि मग दाब’ असं सांगतात.

राज्याचा आकडा दुपारनंतर बघावा. तो बघताना टक्के आणि जागा यांची गल्लत करू नका. २०२४ ला काँग्रेसला १२.४२ टक्के मतं आणि जागा १६. शिंदेंच्या शिवसेनेला १२.३८ टक्के आणि जागा ५७. शरद पवारांच्या पक्षाला ११.२८ टक्के मतांत १० जागा, अजित पवारांच्या पक्षाला ९.०१ टक्क्यांत ४१. कोणी किती जागा लढवल्या आणि मतं कुठं साचली, कुठं पातळ पसरली, यावर हा खेळ आहे. द्राक्षवाल्याला हे चटकन कळतं : मालाचा एकूण अंदाज वेगळा आणि पेटीत भरण्याजोगा माल वेगळा. २८८ पैकी बहुमताला १४५ लागतात, महायुती २३० च्या आसपास गेली. नाशिक जिल्ह्यातल्या १५ पैकी १४ तिच्याकडं, उरलेली एक मालेगाव मध्य. एवढं लिहिलं की राज्याचं पान संपलं.

हरलेल्या बाजूच्या माणसाशी कसं वागावं, हे शिकवायला विंचूरला बाहेरचा मास्तर नको. आपले सरदार विठ्ठल शिवदेव पानिपतावरून परत आलेले. हरलेल्याला चहा पाजावा, डिपॉझिट हा शब्द काढू नये. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर ते जप्त होतं, हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

सगळ्यांत अवघड भाग निकालानंतर येतो. आठवडाभरात केंद्रनिहाय आकड्यांचा कागद गावात फिरू लागतो. एका केंद्रावर हजार-बाराशे नावं, म्हणजे दोन-तीन गल्ल्या. मत गुप्त असतं, गल्ली नसते. आमच्या केंद्रावर आमचा माणूस मागं पडला तेव्हा पुढाऱ्याचा एक कार्यकर्ता तो कागद घेऊन दारात उभा राहिला आणि काहीच बोलला नाही. नुसतं बोट आकड्यावर ठेवलं. नंतर पंधरा दिवस त्यानं रामराम घातला नाही. अशा वेळी आपण आधी घालायचा, मोठ्यानं, चार माणसांत.

वही पुढच्या वेळेसाठी जपून ठेवा. आणि शनिवारी निकाल असेल तर जागरण बेतानं करा. सोमवारी उपबाजारात लाल कांद्याचा लिलाव आहे, ट्रॅक्टर सकाळी लवकर रांगेत लावावा लागतो.