घसा बसला, गाव उठलं

इटियाडोहच्या अंगाला हळू बोलणारा माणूस एकतर आजारी समजला जातो, नाहीतर उधार मागायला आलेला. इथलं बोलणं बांध्यांमधलं. या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावरच्याला रोवणीची मजुरी विचारली, की मधल्या सगळ्या बांध्यांना भाव कळतो. गाढवी नदीवर 1970 साली इटियाडोहचं धरण उभं राहिलं, पाणी पार वडसा-आरमोरीकडे गेलं, धान वाढला आणि पावसाळ्यात सांडवा बघायला येणाऱ्यांचा गलकाही वाढला. सांडव्यापाशी कोणी नुसतं "चहा घेता का जी?" म्हटलं तरी भांडण लागलंय असं वाटतं. भोवती गोंगाट असला की माणसाचा आवाज नकळत चढतो, हे एटिएन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टराने 1911 साली मांडलं. आमच्याकडे आला असता तर त्याचं काम एका दुपारी आटोपलं असतं.

मी शिक्षक. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना सत्तावीसचा पाढा मागच्या बाकापर्यंत पोचवणं ही माझी नोकरी. तेवढ्यावर घशाने निभावून नेलं असतं; पण दिवाळी सरली की मंडई लागते आणि आमच्या झाडीपट्टीत मंडई म्हणजे नाटक. नाटकं वडशाच्या कंपन्यांची असतात, गावच्या हौशी मंडळांचीही असतात. रात्री उशिरा पडदा उघडतो, तो उजाडायच्या बेताला पडतो. आमच्या मंडळात मी प्रॉम्प्टर. म्हणजे पूर्ण नाटक मीच बोलतो. नट माझ्यामागून ते मोठ्याने म्हणतात. ऑर्गन आणि तबल्याच्या वर नायकाला वाक्य ऐकू गेलं पाहिजे आणि पुढच्या सतरंजीवरच्या आजीला जाता कामा नये, अशी कुजबुज करायची. आजीला तरी ते जातंच. ती नायकाच्या आधी रडते.

पहाटे नाटक सुटलं की कोणाच्या तरी घरी झिंग्यांचा जहाल रस्सा असतो. तो पोटात गेल्या गेल्या सगळे नट ओळीने आडवे होतात आणि मीही.

एका मोसमात आवाज असा बसला, की वर्गात "शांत बसा" म्हणताना पहिला "शां" तेवढा उमटला. पोरं आज्ञाधारकपणे उरलेल्या शब्दाची वाट पाहत बसली. शाळेत इतकी शांतता मी त्याआधी पाहिली नव्हती. गाव मात्र उठून दाराशी आलं. ज्येष्ठमध, हळदीचं दूध, मिठाच्या गुळण्या, आलं-मध. एका हितचिंतकाने मोहाची पहिल्या धारेची सुचवली आणि एकट्याला प्यायला बरं वाटणार नाही म्हणून स्वतः थांबायची तयारीही दाखवली. प्रत्येकाचा पहिला प्रश्न, "का झालं जी, गुर्जी?" आणि उत्तर सविस्तर हवं. मी हातवारे केले की, "असं नोका करू जी, तोंडानं सांगा!"

तीन आठवडे झाले तरी घोगरेपणा हटेना, तेव्हा गोंदियाला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. तीन आठवड्यांवर बसलेला आवाज दाखवलाच पाहिजे, त्यातून तंबाखू किंवा खर्रा खाणाऱ्याने तर आधीच, असं ते म्हणाले. कर्करोगाची पहिली खूण कधीकधी एवढीच असते. माझ्यासोबत आलेल्या मित्राने खर्र्याची पन्नी खिशात खोल सारली.

मग त्यांनी कॅमेऱ्याची नळी घालून माझा घसा पडद्यावर दाखवला. 1854 साली मॅन्युएल गार्सिया या स्पॅनिश गायनशिक्षकाने दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरून, उन्हाच्या तिरिपेत स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले होते. गृहस्थ 101 वर्षं जगला. मला मात्र माझे तंतू बघून पाच वर्षं कमी झाल्यासारखी वाटली. पुरुषाच्या बोलण्यात हे दोन पडदे सेकंदाला शंभरेक वेळा एकमेकांवर आपटतात, बाईच्या दोनशेक वेळा. सारखं ओरडून आपटले की नांगर धरणाऱ्याच्या तळव्यासारखे त्यांना घट्टे पडतात. मला दोन्हीकडे पडले होते, समोरासमोर. वर जेवून लगेच झोपल्यामुळे पोटातलं आम्ल रात्रभर घशात येऊन त्यांना भाजत होतं. म्हणजे झिंग्यांनीही सूड उगवला होता.

रांगेत माझ्या पुढे असलेल्या गृहस्थांचा डावा तंतू हलतच नव्हता, म्हणून त्यांना छातीचा फोटो काढायला सांगितला होता. "घसा दुखते न् फोटो छातीचा!" म्हणून ते रागावले होते. पण डावा स्वरतंतू हलवणारी नस गळ्यातून सरळ यायचं सोडून आधी छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालते आणि मग वर येते. सरकारी कागदही इतका फिरत नसेल.

घट्ट्यांना बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही. काही दिवस मौन, भरपूर पाणी, जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर, आणि मग आवाजाचे व्यायाम. "मौनात कुजबुजलं तर चालेल ना?" असं मी पाटीवर लिहून विचारलं. डॉक्टर म्हणाले, जोर लावून केलेली कुजबुज तर तंतूंना आणखी पिळते, ती साफ बंद. माझ्या रंगभूमीवरच्या कारकिर्दीचं निदान एका वाक्यात झालं.

व्यायाम असा: पेल्यात पाणी घ्यायचं, त्यात नळी बुडवायची आणि बुडबुडे काढत "ऊऽऽ" म्हणायचं. पाण्याच्या उलट दाबाने तंतू न आपटता अलगद थरथरतात. हे मी रोज ओसरीवर करू लागलो. गोठणगावजवळ 1972 पासूनची तिबेटी वसाहत आहे. गुर्जींनी तिकडून मंत्र आणला, अशी बातमी सायंकाळपर्यंत पसरली. एक पालक तर मुलाच्या दहावीसाठी तोच मंत्र मागायला आले.

आवाज हळूहळू परतला. पुढच्या मंडईत मंडळाने प्रॉम्प्टिंग दुसऱ्याला दिलं आणि मला पेल्यांचं खातं दिलं. आता तिसऱ्या घंटेआधी पडद्यामागे नायक, नायिका, सासू आणि दरोडेखोर ओळीने बसून स्टीलच्या पेल्यांत बुडबुडे काढतात. खलनायकाला पाण्याने सूर लागत नाही म्हणे. त्याच्या पेल्यात काय असतं ते मी हुंगून पाहिलंय. हिशेबात आम्ही त्याला "औषध" लिहितो.