इन्फिनिट बॅफलवाला

इन्फिनिट बॅफलवाला हा अमेरिकेच्या उपनगरांत आढळतो. चाळिशी ओलांडलेला, नोकरीत स्थिरावलेला, घराचे हप्ते वेळेवर भरणारा आणि एरवी निरुपद्रवी असा हा गृहस्थ असतो. घरातली एक खोली त्याने सिनेमासाठी वेगळी काढलेली असते. पडदा मोठा असतो, खुर्च्या मागे रेलतात, एखाद्याकडे पॉपकॉर्नचे यंत्रही असते. पण पडद्यावर इमारत कोसळली की आवाज नुसता कानाला लागतो, पोटात जाणवत नाही, ही त्याची तक्रार असते. दुकानातून तयार सबवूफर आणला की बहुतेकांची ही तक्रार मिटते. याची वाढते.

माणसाच्या कानाला साधारण २० हर्ट्झपासून वरचे आवाज ऐकू येतात. सिनेमाच्या ध्वनीत खर्जासाठी स्वतंत्र चॅनल असतो, ५.१ मधला तो 'पॉइंट वन', आणि त्यात १२० हर्ट्झपर्यंतचे आवाज भरलेले असतात. बॅफलवाल्याला यातल्या वरच्या मजल्यांचे काही नसते. तेवढे कोणालाही जमते, असे तो म्हणतो. त्याचा जीव २० हर्ट्झच्या खाली अडकलेला असतो. थोडक्यात, जे ऐकू येत नाही ते ऐकवण्यासाठी तो पैसे खर्च करतो. त्यात निसर्गही त्याच्या विरुद्ध असतो. एक सप्तक खाली उतरून तेवढाच दणका राखायचा, तर स्पीकरच्या शंकूला, म्हणजे कोनला, चौपट मागेपुढे हलावे लागते.

स्पीकरचा कोन पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. खर्जाच्या लाटा लांबलचक असतात. २० हर्ट्झची लाट सुमारे १७ मीटरची, म्हणजे दिवाणखान्यात न मावणारी. स्पीकर उघडा ठेवला तर पुढची आणि मागची लाट कडेने वळून एकमेकींना गाठतात आणि दोघी मिळून शून्य होतात. म्हणून मध्ये आडोसा हवा. त्यालाच बॅफल म्हणतात. आडोसा अनंत लांबीरुंदीचा असेल तर या दोघींची गाठ कधीच पडणार नाही. अनंत प्लायवुड कोणत्याही वखारीत मिळत नसल्यामुळे लोकांनी स्पीकर पेटीत बंद केला. १९५० च्या दशकात काही हौशी मंडळी वूफर थेट कपाटाच्या दारात बसवत, आणि मागच्या लाटा आतले कोट सोसत. १९५४ च्या सुमारास एडगर विल्चर यांनी पेटीत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगसारखे वापरून लहान पेटीतूनही खोल खर्ज काढून दाखवला. जगाच्या दृष्टीने प्रश्न तिथे सुटला, बॅफलवाल्याच्या मते तिथेच बिघडला. कोंडलेली हवा कोनला परत ढकलते, ही गोष्ट त्याला अन्यायाची वाटते, आणि तो अन्याय जणू त्याच्या एकट्यावरच झालेला असतो.

त्यावर उपाय एकच: कोनच्या मागे इतकी मोकळी जागा द्यायची की त्याला हवेचा अटकाव जाणवूच नये. 'इतकी' म्हणजे किती, हे नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बसवलेल्या गणितावरून काढता येते. प्रत्येक ड्रायव्हरच्या, म्हणजे पेटीविना सुट्या स्पीकरच्या, माहितीपत्रकात व्हीएएस नावाचा आकडा असतो. कोनच्या टांगणीइतकीच लवचीक हवा किती लिटर भरेल, ते तो सांगतो. मागची जागा सगळ्या ड्रायव्हरांच्या मिळून व्हीएएसच्या दहापट असावी, असा या पंथाचा दंडक आहे. २५० लिटरचे चार ड्रायव्हर घेतले तर १० घनमीटर, म्हणजे एक लहानशी खोली. एवढी पेटी दिवाणखान्यात आली तर एक तर पेटी राहील किंवा संसार. ॲटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, मात्र ही जागा आयती पडलेली असते. इतर माणसे घरात स्पीकर ठेवतात. हा घरालाच स्पीकरची पेटी करतो आणि मग सहकुटुंब तिच्या तोंडाशी राहतो.

या जातीचा प्रसार त्यामुळे घरांच्या बांधणीवर ठरतो. उत्तरेकडच्या थंड राज्यांत तळघर असते, तिथे तो शेजारच्या सामानाच्या खोलीच्या भिंतीला भोक पाडतो. टेक्ससमध्ये तळघरे क्वचितच असतात, म्हणून तो वर चढतो. पुण्यामुंबईच्या फ्लॅटमध्ये ही जात तग धरत नाही. तिथे भिंतीपलीकडे पोकळी नसते, शेजारी असतात.

खरेदीत त्याची पद्धत ठरलेली असते. घरी किंमत सांगताना तो एका ड्रायव्हरची सांगतो आणि मागवताना चार मागवतो. अठरा इंची ड्रायव्हरची खोकी दारात उतरतात तेव्हा कुरिअरवाला कमरेवर हात ठेवून क्षणभर उभा राहतो. खोकी गराजमध्ये ख्रिसमसच्या सजावटीमागे जातात. ॲम्प्लिफायर घरगुती चालत नाही, गाण्याच्या जाहीर कार्यक्रमांत लागतो तसला आणावा लागतो. त्याचा पंखा सिनेमातल्या शांत प्रसंगांत हेअर ड्रायरइतका घोंगावतो. मग पंखा बदलणे हा एक स्वतंत्र प्रकल्प होतो, आणि त्यात ॲम्प्लिफायरची वॉरंटी जाते.

सुतारकामाचे मुख्य फळ म्हणजे मॅनिफोल्ड. जाड प्लायवुडचा एक खोका, वरून बंद, खालून उघडा. समोरासमोरच्या दोन बाजूंना दोन-दोन ड्रायव्हर. चारही कोन एकदम आत आणि एकदम बाहेर जातात, त्यामुळे समोरासमोरचे धक्के एकमेकांत जिरतात आणि छताच्या तुळया जागेवर राहतात. दोन लाटांनी एकमेकींना खोडून काढू नये म्हणून हा सगळा व्याप मांडला, आणि इथे तेच मुद्दाम घडवून आणायचे, यातली गंमत त्याला दाखवून दिली तर तो हसत नाही. बल आणि दाब यांतला फरक समजावून सांगतो.

यानंतर छताला भोक पाडण्याचा दिवस येतो. हा नेहमी पत्नी माहेरी किंवा मुले कॅम्पला गेलेली असतानाचा शनिवार असतो. तुळया बहुधा १६ इंचांच्या अंतरावर असतात आणि भोक त्याहून मोठे हवे असते. म्हणजे तुळई कापायची आणि आडवे टेकू देऊन चौकट बांधायची. हे काम जाणत्या सुताराला विचारून करावे, असे सगळे सांगतात आणि तोही सांगतो. टेक्ससच्या उन्हाळ्यात ॲटिक भट्टीसारखे तापते, म्हणून पहाटे पाचला चढायचे. फायबर ग्लासची कुसळे मानेतून आत उतरतात आणि पुढचे दोन दिवस ऑफिसच्या मीटिंगमध्ये खाजत राहतात. पंधरा-वीस किलोचा एकेक ड्रायव्हर घडीच्या शिडीवरून डोक्यावर तोलत वर जातो. खालच्या सोफ्यावर ड्रायवॉलची पांढरी पूड बसते. ती कितीही झटकली तरी पत्नीला परतल्यावर पहिल्या पाच मिनिटांत दिसते, भोक मात्र दोन दिवसांनी दिसते, कारण त्यावर वातानुकूलन यंत्राची शोभावी अशी जाळी लागलेली असते. बॅफलवाल्याच्या मते हे या रचनेचे सर्वांत मोठे यश आहे. खोलीत कुठेही सबवूफर दिसत नाही.

पहिल्यांदा चालू केल्यावर सिनेमाचा आवाज येत नाही, घराचा येतो. खिडकीची काच थरथरते, दिव्याचे झुंबर किणकिणते, गराजचे दार गुरगुरते, भिंतीत कुठेतरी सैल झालेला खिळा बोलू लागतो. मग शोध सुरू होतो. लॅपटॉपवरून एकच सूर अगदी सावकाश खालून वर चढवायचा आणि कुटुंबीयांना खोल्याखोल्यांत उभे करायचे. "बत्तीसला काय वाजतंय?" असा प्रश्न जिन्यावरून येतो. "तुझ्या आईचा फोटो," असे उत्तर स्वयंपाकघरातून येते. फोटोच्या मागे फोमची पट्टी चिकटते, काचांना रबर लागते, डक्टला बांध पडतो. एक आवाज थांबला की त्याने झाकलेला दुसरा ऐकू येतो. या कामाला शेवट नाही, आणि तो असावा अशी त्याची फारशी इच्छाही दिसत नाही.

आवाज बंद झाले की मोजमाप. मायक्रोफोन मधल्या खुर्चीवर, जिथे माणसाचे डोके असते, तिथे उभा करतात. पडद्यावर सिनेमाऐवजी आलेख येतो. ४० हर्ट्झपाशी खोलीमुळे खड्डा पडलेला असतो, तो भरण्यात अनेक रविवार जातात. हाच त्याचा खरा आनंद, सिनेमा हे निमित्त. संपूर्ण सिनेमा त्याने बऱ्याच दिवसांत पाहिलेला नसतो. 'एज ऑफ टुमॉरो'चा (२०१४) आरंभ आणि 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मध्ये (२००५) जमीन फाडून यंत्र वर येते तो प्रसंग त्याने कितीदा पाहिला असेल याला गणती नाही. दोन्हींचा शेवट काय होतो, ते विचारू नये.

डॅलसच्या उत्तरेला प्लेनो-फ्रिस्को पट्ट्यात याची मराठी उपजातही दिसते. हा गृहस्थ सुट्टीत पुण्याला आला की गणपतीतल्या डीजेच्या भिंतींवर तावातावाने बोलतो. ऐकणाऱ्याला वाटते, याचा आक्षेप गोंगाटाला आहे. थोडे खोदून विचारले की कळते, त्या भिंतींत ४० हर्ट्झच्या खाली दम नाही, हा खरा राग. परत गेल्यावर मंडळातली माणसे जेवायला येतात. श्रीखंड आवरले की त्यांना वर नेले जाते. टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवलेला असतो. 'जुरासिक पार्क'मधल्या (१९९३) ग्लासातले तरंग डॅशबोर्डखाली गिटारची तार छेडून काढले होते, ही माहिती तो आधी देतो. मग खोलीतली हवाच हलवून तसे तरंग उठवून दाखवतो. पाहुणे "वा!" म्हणतात. एखादी काकू उठून कानाजवळचा पदर घट्ट धरते. 'सैराट'चे संगीत हॉलिवूडमध्ये ऑर्केस्ट्रा बसवून मुद्रित झाले, हेही तो सांगतो, पण मुलांनी 'झिंगाट'चा आग्रह धरला की त्याचा चेहरा पडतो. त्या गाण्यात त्याच्या ॲटिकला पुरेसे काम नसते.

नोकरी बदलते, घर विकायला निघते. ड्रायव्हर खाली उतरतात आणि परत खोक्यांत जातात. ती खोकी त्याने जपून ठेवलेली असतात. मॅनिफोल्ड शिडीच्या तोंडातून बाहेर येत नाही, कारण तो वरच जोडलेला असतो, म्हणून तो तिथेच राहतो. घर तपासायला आलेला माणूस टॉर्चच्या उजेडात त्याच्याकडे बराच वेळ बघतो आणि अहवालात 'हेतू अज्ञात' अशा अर्थाचे काहीतरी लिहितो. नव्या शहरात घरे बघताना पत्नी ओटा बघते, मुले शाळेचे अंतर विचारतात, आणि हा एजंटला ॲटिकची शिडी कुठे आहे ते विचारतो.