मामांनी गाडी घेतली

भोसरीतल्या एका शेडवरच्या मामांनी दसऱ्याला जुनी दुचाकी घेतली आणि पृथ्वीचं तापमान वाढलं. हे मी म्हणत नाही, एक्सेल शीट म्हणते.

शेडचे शेठ माझे जुने मित्र. दोन सीएनसी, तीन लेथ, चौदा माणसं आणि एक कुत्रं. एका बड्या कंपनीला बुशिंग करून देतात. कंपनीने परदेशी गिऱ्हाइकाला ‘नेट झिरो’चा शब्द दिलाय. शब्द थोरल्याने द्यायचा आणि धाकट्याने पाळायचा, ही आपल्याकडची रीतच आहे. कंपनीचं स्वतःच्या भिंतीआडचं काम उरकलंय, छतावर सोलर आणि गेटवर हिरवा फलक. आता राहिला ‘स्कोप थ्री’, म्हणजे दुसऱ्याचा धूर. २०११ साली त्याचे पंधरा प्रकार ठरले. त्यातला सातवा म्हणजे कर्मचाऱ्यांचं कामावर येणं-जाणं. शेठ सातव्यात अडकले.

गेल्या वर्षी कंपनीने भरायला पाठवलेल्या शीटमध्ये मामांच्या नावापुढे, वाहनाच्या रकान्यात, ‘सायकल’ होतं आणि ओळ हिरवीगार. कंपनीतून एका मॅडमचा फोन आला. ही तुमची ‘बेस्ट प्रॅक्टिस’ आहे, आमच्या स्लाइडवर घेऊ का? शेठ म्हणाले, घ्या की. मामा वीस वर्षं दिघीहून पायडल मारत येत होते ते गाडी परवडत नव्हती म्हणून. आपण प्रॅक्टिस करतोय हे त्यांना त्या दिवशी कळलं.

यंदा ओळ लाल झाली. ‘उत्सर्जनात वाढ. कारण व सुधारणा आराखडा सात दिवसांत सादर करावा.’

कारण मामांचे गुडघे. पण रकान्यात हाताने काही लिहिता येत नाही, यादीतूनच निवडावं लागतं: उत्पादनवाढ, प्रक्रियेतील बदल, इतर. गुडघे ‘इतर’मध्ये बसवले तर शीट म्हणते, पुरावा जोडा. शेठनी मला विचारलं, एक्स-रे चालेल का?

मी म्हटलं, एक्स-रेचं राहू द्या, आराखड्याचं बघा. मामांचा पगार इतका कमी करा की पेट्रोल परवडता कामा नये. ओळ आपोआप हिरवी होईल. मग दुसऱ्या पाळीचा वेल्डर घ्या, त्याला बोनस देऊ नका, नाहीतर तोही शोरूममध्ये जाऊन बसेल. पॅकिंगच्या मावशी चालत येतात, त्यांना लगेच कायम करा आणि त्यांच्या मुलाला नोकरी लागणार नाही याची काळजी घ्या, कारण लागली की तो पहिल्या पगारात आईला स्कूटरवरून सोडायला येणार. शेडला एसी नाहीच. पंखे दोन, त्यातला एक फिरतो, तोही गुरुवारी वीज गेली की थांबतो. या हिशोबात शेठ जगातल्या सर्वांत स्वच्छ कारखानदारांपैकी एक निघायला हवेत. निघत नाहीत, कारण गुण कपातीला आहेत, आणि कपात आधारवर्षाच्या टक्क्यांत मोजतात. शेजारच्या शेडमध्ये कॉम्प्रेसरची हवा चार ठिकाणी गळत होती, रात्री तर मशीनपेक्षा गळतीचाच आवाज मोठा. आधारवर्षात त्यांचं वीजबिल मजबूत आलं, पुढल्या वर्षी त्यांनी चार फेरुल बदलले आणि कंपनीची सुवर्णढाल घेऊन आले. आमचे शेठ गळती त्याच दिवशी बंद करतात. त्यांच्या हाती काहीच लागलं नाही. एका कन्सल्टंटने त्यांना खासगीत सल्ला दिला: पुढचं आधारवर्ष ठरेल तेव्हा जरा सैल हाताने जाळा. फी पंचवीस हजार, जीएसटी वेगळा.

बरं, टेम्पोचं काय? कंपनीला स्टॉक ठेवायचा नसतो, म्हणून दिवसाला आठशे नगांचं शेड्यूल चार फेऱ्यांत. टेम्पो पाव भरून जातो, गेटवर दोन तास उभा राहतो आणि रिकामा परततो. लिटरभर डिझेल जळलं की २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड, हे कंपनीच्याच प्रशिक्षणात सांगितलं. मात्र चार फेऱ्यांची एक फेरी करू का, हा प्रश्न शीटमध्ये नाही. तो पर्चेस खात्याचा विषय, आणि पर्चेसचे साहेब ‘सस्टेनेबिलिटी’च्या मॅडमशी फक्त वार्षिक परिषदेत बोलतात, पंचतारांकित हॉटेलात, जेवणाच्या रांगेत.

मॅडमचं म्हणणं, सोलर बसवा. छत भाड्याचं आहे हो. बँक तारण मागते. तारण म्हणून शेठजवळ आहेत कंपनीकडे एकशेवीस दिवस अडकलेली बिलं! आणि दर? दरवर्षी तीन टक्के कमी करून द्यायचे, नाहीतर पीओ दुसऱ्याला. छोट्या पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्या, असं २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. असं व्याज मागून दुसऱ्या महिन्यात ऑर्डर टिकवलेला एक पुरवठादार मला दाखवा, मी त्याच्या शेडवर स्वखर्चाने सोलर बसवतो. शीट सात दिवसांत हवी! उशिरा आली तर रेटिंग खाली, आणि बिल उशिरा निघालं तर ‘सिस्टिम डाऊन’. कोणाच्या अंगणातला धूर मोजताय? तुमच्या खुर्चीखाली जळतंय ते कोण मोजणार?

असो. रक्तदाब कोणत्या प्रकारात बसतो ते मला माहीत नाही.

शेठनी शेवटी मॅडमना फोन केला. मॅडम स्वभावाने चांगल्या. म्हणाल्या, आठवड्यातून एक दिवस सायकल दाखवू, पिवळ्यात येईल. फक्त फोटो अपलोड करा. आता मामांची सायकल दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याने किलोवर नेली होती. म्हणून चहावाल्या पोराची मागवली, हँडलला किटली तशीच. मामा हेल्मेट घालून उभे राहिले. शेठनी मोबाइल वर धरला.

“शेठ,” मामांनी विचारलं, “चालवायची का नुसती धरायची?”