इतिवृत्तातील दुरुस्त्या

एडिसन, न्यू जर्सी
रविवार

ती. स्व. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे खुशाल. गेल्या रविवारच्या बैठकीचं बाबांनी पाठवलेलं इतिवृत्त मिळालं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी 'विषय क्रमांक', 'असे ठरले की' आणि तळाशी सहीपुरती मोकळी जागा! तुमच्याकडे सकाळचे साडेआठ, हातात तर्री-पोहे, त्यामुळे सगळ्यांना हुरूप. आमच्याकडे शनिवारची रात्र, अकरा वाजलेले. तुमचे चिरंजीव 'हो बाबा' झोपेतही म्हणतात, तेव्हा त्यांचा होकार नोंदवताना जरा जपून. बाकी दुरुस्त्या अशा:

विषय 1, बेसा येथील प्लॉट. 'सर्वानुमते अनुकूल' असं लिहिलंय. सर्व म्हणजे काका. "अबे, मिहान वाढून राह्यलं, घेऊन ठेव ना बे," हे ते आमच्या लग्नात अक्षता टाकतानाही म्हणाले होते. मिहानमध्ये टीसीएस आली, इन्फोसिस आली, जामठ्याला स्टेडियम झालं, 2019 साली मेट्रो खापरीपर्यंत धावली. काकांचा प्रत्येक अंदाज खरा ठरला आणि प्लॉट दर वर्षी आणखी परवडेनासा झाला. 'हप्ता कोण भरणार?' हा आईंचा प्रश्न इतिवृत्तातून गळलाय, तो घालावा.

विषय 2, काटोलची संत्र्याची बाग. आपल्या बागेला लागून असलेली जमीन आमच्या नावे घ्यायचा ठराव फेमा कायद्यात बसत नाही. अनिवासी भारतीयाला फ्लॅट घेता येतो, दुकान घेता येतं; शेतजमीन आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारशानं मात्र मिळू शकतं. यावर बाबा म्हणाले, "म्हणजे सगळं माझ्यावर अवलंबून!" आणि आत्यांनी त्यांना दटावलं. एवढा भाग वगळावा. काकांचं म्हणणं, आंबिया बहार गळाला तरी मृग बहार हाताशी असतो. खरंय, पण इथल्या घरभाड्याला एकच बहार, तोही दर महिन्याला.

विषय 3, पैसे कुठल्या खात्यात. एनआरई खात्याच्या व्याजावर भारतात कर नाही आणि एनआरओच्या व्याजातून 30 टक्के व वर सेस कापला जातो, हे कळल्यावर घराण्याच्या इतिहासात प्रथमच एकमत झालं. एनआरओतून वर्षाला 10 लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, हे ऐकून आई म्हणाल्या, "आधी साठू तर द्या."

विषय 4, सूनबाईंची डॅलसला बढती. इथे दोनच शब्द आहेत: 'चर्चा झाली.' बाबा, ही दुरुस्ती मोठी आहे.

हिशोब सगळ्यांनी मांडला. टेक्सासात राज्याचा आयकर नाही, माझा पगार वाढतो. पण यांची नोकरी इथे, लेकीची शाळा इथे. काका म्हणाले, "त्याची नोकरी हाय ना चांगली, मंग कायले हालायचं?" फोन आत्यांच्या हातात असल्यामुळे आम्हाला अर्धा कूलर आणि गवार निवडणारे आईंचे हात एवढंच दिसत होतं. ते हात थांबले.

"गोसेखुर्दची पायाभरणी 88 साली झाली," आई म्हणाल्या, "पुढच्याच वर्षी यांची बदली पवनीला. मला शाळा त्या जूनमध्ये कायम करणार होती. यांनी मला विचारलं नव्हतं हो, सांगितलं होतं."

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नेटवर्क गेलं होतं का?" गेलं नव्हतं.

त्या धरणाचा पहिला अंदाज 372 कोटींचा होता, पुढे तो हजारो कोटींवर गेला आणि दर सुधारित अंदाज बाबांना तोंडपाठ आहे. आईंना काय खर्च आला, त्याचा अंदाज कुणी मागवलाच नाही.

फोन ठेवल्यावर यांची झोप उडाली. "तुला जायचंय का?" असं त्यांनी विचारलं. तोवर परवडेल का, जमेल का, लोक काय म्हणतील, एवढंच सगळे विचारत होते. मला जायचंय. हे डॅलसहून काम करू देतात का ते बघतील; नाहीच जमलं तर वर्षभर एका पगारावर भागवू. प्लॉट पुढे ढकलला. लेकीलाही विचारलं, तिची अट कुत्र्याची आहे, वाटाघाटी सुरू आहेत.

या सगळ्यात एक खर्च तुमच्या वाट्याचा आहे. डॅलसला गेलो तर यंदा दिवाळीला नागपूरला येणं होणार नाही. म्हणून विचारते, चालेल का? 'हो' घाईनं म्हणू नका. बाबांनी आधी आईंना विचारावं आणि त्यांची सही झाल्यावरच इतिवृत्त कायम करावं.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपली,
सूनबाई

ता. क. डॅलसकडे जमिनी मुबलक आहेत, हे कृपया काकांना कळू देऊ नये.