मागल्या पायाचं अत्तर

अमेरिकेत नोव्हेंबर उजाडला की पांढऱ्या शेपटीची हरणं माजावर येतात, आणि त्यांच्यामागे शिकारीही. नराच्या मागल्या पायांवर, आतल्या बाजूला, केसांचे झुबके असतात आणि त्यांखाली ग्रंथी. पाय जुळवून तो त्यांवर लघवी सोडतो. झुबके काळे पडतात आणि त्या दर्पातून इतर हरणांना त्याची सगळी कुंडली कळते. मारलेल्या नराचा हा ऐवज शिकारी कापतो, पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवतो (आइस्क्रीमशेजारी, दुसरीकडे कुठे?) आणि पुढच्या खेपेला दोरीनं मचाणापर्यंत फरफटत नेतो. प्रतिस्पर्धी आला समजून दुसरा नर तरातरा येतो आणि गोळी खातो.

हाच गृहस्थ निघण्यापूर्वी बिनवासाच्या साबणानं अंग घासून काढतो. माणसाचा वास नको, शिकार बिथरते!

ज्यांना कापाकापी झेपत नाही त्यांच्यासाठी बाटलीबंद हरीणमूत्र आहे. (आपण यावर फार हसू नये, आपल्याकडच्या बाटल्यांत गाय असते.) व्हर्जिनियानं २०१५ मध्ये शिकारीत त्याचा वापर बंद केला, कारण हरणांचा मेंदू पोखरणाऱ्या रोगाचे प्रिऑन, म्हणजे तो रोग पसरवणारी बिघडलेली प्रथिनं, मूत्रातूनही बाहेर पडतात. आता कारखान्यात बनवलेलं मूत्र मिळतं. नकली असल्याची खात्री करूनच घ्यावं लागतं.