खारेकाका

तुमच्याही ओळखीत असा एक असेलच. जिन्यात दिसला की आपण मोबाइल कानाला लावतो आणि तो आपलं बोलणं संपेपर्यंत कठड्याला टेकून उभा राहतो. आमच्या बिल्डिंगमध्ये हे काम खारेकाका करतात. खरं आडनाव तळमजल्यावरच्या पाटीवर आहे, पण ते आता फक्त पोस्टमन वाचतो. काकांच्या हॉलमध्ये चार फुटी काचेची टाकी, टाकीत खारं पाणी आणि पाण्यात वाम. बाजारातली नव्हे. ‘ही स्नोफ्लेक मोरे. पांढरं अंग, काळे डाग, डागांत पिवळे ठिपके,’ असं काका सांगतात. सांगावं लागतं, कारण दिसत काहीच नाही. पाहुण्याला दर्शन होतं ते दगडांत खोचलेल्या पीव्हीसी पाइपाचं. नशीब जोरावर असेल तर पाइपाच्या तोंडाशी एक जबडा उघडझाप करताना दिसतो. ‘घाबरू नका, श्वास घेतेय ती!’

वाम एक वेळ सोसवते. सोसवत नाही ती काकांच्या खिशातली नळी. तिला रिफ्रॅक्टोमीटर म्हणतात. टोकाच्या तिरक्या काचेवर दोन थेंब टाकायचे, झडप मिटायची आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत निळं आणि पांढरं जिथे भेटतं तो आकडा वाचायचा. समुद्राचा १.०२५च्या आसपास येतो, म्हणजे लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार. टाकीत हा आकडा हलता कामा नये, हे मान्य. काकांनी तो साऱ्या जगाला लावला.

ठाण्यातल्या एका लग्नात त्यांनी भर पंगतीत आमटीचे दोन थेंब काचेवर घेतले. ‘एक-शून्य-पंचवीसच्या वर गेलीय,’ असं वाढप्याला सुनावलं. मग जिलेबीचा पाक. तिथे पट्टीवरचे आकडेच संपले, कारण साखरसुद्धा उजेड वाकवते, हे त्यांनी वरमाईला थांबवून समजावून दिलं. अनंत चतुर्दशीला मोठागावच्या रेतीबंदरावर आम्ही ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणून घसे फोडत होतो, तर काका खाडीशी वाकलेले. ‘पावसानं खाडी पार गोडी झालीय हो!’ २०१९च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पुरात अडकली, त्या दिवशी आमच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी. लोक स्कूटरी ओढताहेत आणि हे शेवटच्या पायरीवरून पुकारताहेत, ‘शून्य! निव्वळ गोडं!’

घर शुद्ध शाकाहारी. तरी फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी कोलंबीचा डबा, झाकणावर काकूंच्या अक्षरात ‘फक्त तिची’. मासळीबाजारात काका मान खाली घालून जातात, आणि कोळीण मुद्दाम मोठ्यानं विचारते, ‘काका, कधीपास्नं खायला लागलात?’ मिठाची पिशवी वेगळीच; तिच्या किमतीत काकूंचं वर्षाचं लोणचं होतं. ‘समुद्र गाडीनं तासा-दीड तासावर आहे आणि हे घरात मीठ कालवत बसतात,’ एवढंच त्या म्हणतात. पण रोज म्हणतात.

मुलीला बघायला मंडळी आली तेव्हा कांदेपोह्यांबरोबर काकांनी वामेचा दुसरा जबडा वाढला. तो घशात असतो आणि भक्ष्य पकडलं की पुढे येऊन ते आत ओढून नेतो. रीटा मेहता आणि पीटर वेनराइट या संशोधकांनी २००७ साली हे दाखवून दिलं, वगैरे. मुलाच्या आईनं शांतपणे कप खाली ठेवला. ‘आमच्याकडे अलिबागला वामेचं कालवण करतात.’ लग्न जमलं, पण विहीणबाईंना काका अजून टाकीजवळ एकटं सोडत नाहीत.

वामेला बोटभर फट पुरते, म्हणून झाकणावर दोन वरवंटे असत. मे महिन्यातल्या एका रात्री वीज गेली, पंप बंद पडला. हवा खेळावी म्हणून काकांनी झाकण जरा सरकवलं आणि बॅटरीवरचा पंप शोधायला ते आत गेले. उकाड्यामुळे सगळ्यांची दारं सताड उघडी. थोड्याच वेळात जिन्यात ‘साप! साप!’ सर्पमित्राला फोन गेला. तो आकडा आणि पिशवी घेऊन धावत आला, टॉर्च मारला आणि मागे सरला. ‘काका, हे माझ्या खात्यात येत नाही.’ काका ओला पंचा घेऊन खाली बसले. अंगाला खवले नाहीत, नुसता बुळबुळीत थर. तो ओला आहे तोवर ती थोडा वेळ तगते, हे आम्हांला ऐकवत त्यांनी तिला उचलून टाकीत सोडलं. आणि हात न पुसता खिशातून नळी काढली! सर्पमित्राच्याच टॉर्चसमोर धरली. ‘एक-शून्य-पंचवीस!’ अंधारात जिनाभर टाळ्या पडल्या. त्यात माझ्याही होत्या, काय करणार.

त्या रात्री वीज येईपर्यंत काका बोलत होते. शाळेच्या सहलीत तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं, १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उघडलेलं. बाकीची पोरं समोरच्या समुद्राकडे धावली, हे काचेशीच उभे. मास्तरांनी बखोट धरून बाहेर काढलं. पुढे नोकरी लागली ती फोर्टातल्या बँकेत. समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर, पण डोंबिवली फास्ट पकडायची तर पावलं रोज उलट्या दिशेला. निवृत्तीनंतरची पहिली खरेदी ही टाकी.

मुलगी टोरांटोला आहे, नात पाच वर्षांची झाली. काकू जाऊन आल्या, काका नाहीत. टाकी कोण बघणार? यंदा काकूंनी न विचारता दोन तिकिटं काढली आहेत.

तेव्हा डोंबिवली-कल्याणात कुणी मायेचं आणि धीराचं माणूस असेल तर कळवावं. कोलंबी आठवड्यातून दोनदा, चिमट्यानं. तिला दिसतं कमी, त्यामुळे बोट आणि कोलंबी यांत ती फरक करीलच असं नाही. उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणीच घालायचं, मीठ टाकीतच राहिलेलं असतं. वरवंटे हलवू नयेत. नवी नळी टाकीशेजारी ठेवली आहे. जुनी काका बरोबर नेताहेत. ओंटारिओ सरोवर गोड्या पाण्याचं आहे हे त्यांना ठाऊक आहे, तरी मोजणार आहेत.